मार कोण आणि शत्रू कोण?



बौद्ध पद्धतीने विवाह लागतो तेव्हा जयमंगल अष्टगाथा म्हटली जाते. पाली न समजणारी मंडळीही ती ऐकताना हात जोडून उभी राहतात. त्या आठ गाथांतील पहिलीच गाथा माराविषयी आहे. सहस्र बाहूंचा, हाती शस्त्रे घेतलेला, गिरिमेखल नावाच्या हत्तीवर बसून सैन्यासह चालून आलेला मार, आणि त्यास तथागतांनी दानादी धम्माच्या बळावर जिंकले, असा तिचा आशय आहे. म्हणजे ज्या दिवशी एक नवे कुटुंब सुरू होते, त्याच दिवशी त्याच्या कानी प्रथम एका शत्रूचे नाव पडते.

हा शत्रू कोण, हे मात्र त्या मांडवात क्वचितच सांगितले जाते. मग ज्याला जे सुचेल ते तो समजतो. कोणी म्हणतो, मार म्हणजे रावणासारखा एखादा राक्षस असावा. कोणी म्हणतो, ख्रिस्ती लोकांचा सैतान तोच बौद्धांचा मार. आणि ज्याच्या मनात गावाने केलेल्या छळाची आग अजून धगधगते आहे, तो तर सरळ गावच्या पाटलाला, शेजाऱ्याला, किंवा दीक्षा न घेतलेल्या सख्ख्या भावालाच मार म्हणू लागतो. ह्या समजुती निरुपद्रवी आहेत असे कोणी मानू नये. शत्रूला आपण जे नाव देतो त्यावरून त्याच्याशी कसे लढावयाचे ते ठरत असते. नाव चुकले की लढाई भलत्याच रणांगणावर होते, आणि खरा शत्रू घरात निवांत बसून राहतो.

प्रथम शब्द पाहू. मार हा शब्द ‘मृ’ म्हणजे मरणे ह्या धातूपासून झाला आहे. जो मारतो तो मार. आपल्या मराठीतील मारणे, मारेकरी आणि काठीचा मार हे सारे त्याच कुळातले शब्द होत. मार खाणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांस कोणत्याही कोशात पाहावे लागले नाही. परंतु पाली ग्रंथांतला मार हातात काठी घेऊन क्वचितच येतो, आणि हेच ह्या शब्दाचे पहिले वैशिष्ट्य आहे. ते पुढे दिसेल.

ह्याच कुळातला आणखी एक शब्द आपल्या फार जवळचा आहे. मरी म्हणजे पटकीसारखी साथ, आणि त्या मरीची आई ती मरीआई. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेण्याचे काम गावकुसाबाहेरच्या माणसाच्या गळ्यात पडे. रोग पाण्यातून पसरतो, म्हणून विहीर स्वच्छ ठेवावी, हे कोणी सांगत नसे; आणि त्या विहिरीवर आपल्याला जाऊही देत नसत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी जो मार्ग दाखविला त्या मार्गावर येताना आपल्यापैकी असंख्य कुटुंबांनी मरीआई सोडली. आता विचार करा. मूल आजारी पडले, धंदा बुडाला, सून रुसली, आणि घरातील वडील माणूस म्हणू लागले की ‘हे माराचे काम’, तर आपण मरीआईला पुढच्या दाराने घालवून तिच्याच कुळातल्या दुसऱ्या नावाला मागच्या दाराने आत घेतले असे होत नाही काय? देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडणे तुलनेने सोपे. भीतीची सवय सोडणे त्याहून कठीण आहे.

पाली ग्रंथांत माराला अनेक नावे आहेत. पापिमा म्हणजे पापी. अन्तक म्हणजे अंत करणारा. पमत्तबन्धु म्हणजे प्रमादी, गाफील माणसाचा नातलग. हे शेवटचे नाव मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. मार हा परका नाही, तो गाफील माणसाचा सोयरा आहे. ज्याच्या घरात गाफिलपणा आहे त्याच्या घरी तो पाहुणा म्हणून येणार. कण्ह म्हणजे काळा, असेही एक नाव आहे. ते मात्र मला रुचत नाही. काळेपणाला वाईटपणाचे दुसरे नाव करण्याची खोड जगाला फार जुनी लागलेली आहे आणि आपल्या ग्रंथांनाही ती कोठे कोठे चिकटली आहे, हे कबूल केले पाहिजे.

नमुचि हे नाव वेदांतून आलेले आहे. वेदांतला नमुचि हा असुर. इंद्राने त्याला फेसाने मारले अशी कथा ब्राह्मणग्रंथांत सांगतात. बौद्धांनी ते नाव घेतले, पण वध घेतला नाही. पाली ग्रंथांत माराचा वध कोठेही नाही. तो येतो, बोलतो, ओळखला जातो, आणि खिन्न होऊन नाहीसा होतो. संयुत्तनिकायात मारसंयुत्त नावाचे एक प्रकरणच आहे. त्यात हा प्रकार पुन्हा पुन्हा घडतो. बुद्ध त्यास म्हणतात की मी तुला ओळखतो, आणि एवढ्यावर मार परततो. त्याच्याविरुद्ध यज्ञ नाही, मंत्र नाही, गंडा नाही, लिंबू नाही, कोंबडे नाही. ओळख हेच शस्त्र.

ह्यातील मर्म आपण नीट ध्यानी घ्यावे, कारण आपल्या देशात विरोधकाला राक्षस ठरविण्याचा धंदा फार भरभराटीस आलेला होता. असुर ह्या शब्दाचा इतिहासच पाहा. ऋग्वेदाच्या जुन्या भागात असुर हे सन्मानाचे विशेषण होते. वरुणालाही ते लावलेले आढळते. इराणी लोकांत तर तोच शब्द ‘अहुर’ होऊन परमेश्वराच्या नावात जाऊन बसला. आणि आपल्याकडे पुढे असुर म्हणजे देवांचा वैरी, वध करण्यास योग्य, असा अर्थ रूढ झाला. ज्याच्या हाती पोथी, त्याने विरोधकाचे नाव ठरवावे, असा हा व्यवहार होता. बळीराजाला पाताळात घातल्याची कथा पुराणांनी गौरवाने सांगितली. परंतु महाराष्ट्रातील कष्टकरी बायका दिवाळीत ओवाळताना अद्याप बळीचेच राज्य यावे अशी इच्छा करतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त ह्या कथेची उलटतपासणी केली ती ह्याच कारणासाठी. शतकानुशतके ज्यांना दुसऱ्यांनी दस्यू, राक्षस, चांडाळ अशी नावे ठेवली, त्यांनी हाती नवा शब्द आल्याबरोबर तोच व्यवहार सुरू करावा काय?

सैतान ह्या शब्दाची वाट याहून निराळी, पण बोधप्रद आहे. हिब्रू भाषेत ‘सातान’ हे मुळात सामान्य नाम होते. अर्थ विरोधक, आडवा येणारा, आरोप करणारा. यहुद्यांच्या जुन्या ग्रंथांत हा शब्द साध्या माणसालाही लावलेला आहे. पलिष्ट्यांच्या सरदारांना दावीद युद्धात आपल्यावरच उलटून सातान होईल अशी शंका आली होती. बलाम नावाच्या माणसाच्या वाटेत ईश्वराचा दूत आडवा उभा राहतो, तेथेही हाच शब्द आहे. पुढे त्या सामान्य नामाचे विशेषनाम झाले, मग त्याला राज्य मिळाले, नरक मिळाला. पाश्चात्त्य पंडितांनी पाली ग्रंथांची भाषांतरे केली तेव्हा माराच्या जागी त्यांस हाच ओळखीचा शब्द आठवला, आणि त्या भाषांतरांवरून तो गैरसमज आपल्याकडेही आला. पण सैतानाच्या कथेमागे एक निर्माता ईश्वर आहे. बौद्ध धम्मात निर्माताच नाही, मग त्याचा प्रतिस्पर्धी कोठून येणार?

मग मार आहे तरी काय? ह्याचे उत्तर पुष्कळ अंशी सुत्तनिपातातील पधानसुत्तात सापडते. नेरंजरा नदीच्या काठी बोधिसत्त्व तप करीत असता नमुचि येतो. तो डोळे वटारीत नाही. करुण वाणीने बोलतो. तू कृश झाला आहेस, मरण तुझ्याजवळ आले आहे, जग बाबा, जगलास तर पुण्य करशील, अग्निहोत्र करशील, तुझ्या गाठी पुष्कळ पुण्य साचेल, ह्या खडतर मार्गाने कशाला जातोस, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. वाचकहो, हे शब्द आपण कोठे तरी ऐकलेले नाहीत काय? ‘कशाला हा खटाटोप? घरात एक पूजा घाला, चार माणसे जेवू घाला, सर्व ठीक होईल. गावाशी वाकडे घेऊन कोणाचे भले झाले?’ असे काकुळतीने सांगणारे आपले हितचिंतक आपण सर्वांनी पाहिले आहेत.

त्यावर बोधिसत्त्व जे उत्तर देतात त्यात माराच्या सेना मोजलेल्या आहेत, आणि ह्या सेनांत हत्ती नाही, घोडा नाही. पहिली सेना कामवासना. दुसरी अरती, म्हणजे चांगल्या कामाचा कंटाळा. मग भूक व तहान, तृष्णा, आळस व सुस्ती. सहावी सेना भीती. सातवी शंका. आठवी दुसऱ्याच्या गुणांवर पाणी ओतणे आणि ताठा. त्यांच्या मागून लाभ, कीर्ती, सत्कार आणि खोट्या मार्गाने मिळविलेले यश येते. स्वतःची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा येते. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात मारविजयाचे मोठे शिल्प आहे, पहिल्या लेण्यात त्याचे चित्र आहे. आपण सहकुटुंब तेथे गेलात तर मुलांना तो हत्ती आणि ती विक्राळ तोंडे अवश्य दाखवा. पण ती कलावंताने दिलेली रूपे आहेत, हेही सांगा. भीतीला चेहरा देता येतो म्हणून भीती बाहेर राहते असे नव्हे. अश्वघोषाने तर ‘बुद्धचरिता’त स्पष्टच केले की लोक ज्याला फुलांचे बाण मारणारा कामदेव म्हणतात, त्यालाच मार म्हणावयाचे. आणि बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ह्या ग्रंथात दुष्ट विचार व वासना एवढाच माराचा अर्थ घेतला आहे. पुराणकथेने त्यांना माराची अपत्ये म्हटले, असे ते सांगतात. नवदीक्षितांना ह्याहून अधिक माराची गरज नाही.

भगिनींसाठी एक कथा येथे सांगितली पाहिजे. सोमा नावाची भिक्खुणी श्रावस्तीजवळच्या अंधवनात ध्यानाला बसली असता मार तिच्याकडे आला आणि म्हणाला की ऋषींना जे कष्टाने मिळते ते दोन बोटांची बुद्धी असलेल्या बाईला मिळणार नाही. दोन बोटांची बुद्धी म्हणजे काय? भात शिजला की नाही हे बाई दोन बोटांत शीत दाबून पाहते, तेवढीच तिची अक्कल, असा टीकाकार अर्थ देतात. सोमेने विचार केला, हे बोलणारा कोण? तिने त्यास ओळखले आणि उत्तर दिले की चित्त नीट एकाग्र झाले व प्रज्ञा जागी झाली तर तेथे स्त्रीपणाचा काय संबंध. मी स्त्री आहे किंवा पुरुष आहे ह्या विचारात जो अडकला आहे, त्यालाच माराने हे जाऊन सांगावे. दोन सहस्र वर्षांहून जुन्या ग्रंथात ‘बाईला काय कळते’ हे वाक्य माराच्या तोंडी घातलेले आहे, हे लक्षात ठेवा. बौद्ध म्हणविणाऱ्या ज्या घरांत मुलीचे शिक्षण सातवीला थांबते आणि मुलाचे पुढे चालते, त्या घरांत हे वाक्य रोज कोणाच्या मुखातून निघते ते ज्याचे त्याने पाहावे.

येथवर मार हा मनातला, एवढे सिद्ध झाले. पण आता दुसऱ्या बाजूने येणाऱ्या चुकीविषयी सांगितले पाहिजे, आणि माझ्या मते आजकाल ही दुसरी चूक अधिक नुकसान करते आहे. काही विद्वान गृहस्थ, त्यांत आपलेही आहेत, असे सांगत फिरतात की खरा शत्रू आपल्या मनातच असतो, बाहेर कोणी शत्रू नाही; म्हणून मोर्चे नकोत, फिर्यादी नकोत, मन शांत करा. ज्याचे घर जाळले त्याला हे सांगणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे होय.

ह्यासंबंधी संयुत्तनिकायातच एक सुत्त आहे. मगधात पंचशाला नावाचे ब्राह्मणांचे गाव होते. गावात सण होता, मुली एकमेकींस भेटी देत होत्या. बुद्ध भिक्षेसाठी त्या गावात गेले. माराने गावच्या गृहस्थांची मने बिघडविली, आणि बुद्ध जसे धुतलेले पात्र घेऊन गेले तसेच धुतलेले पात्र घेऊन बाहेर आले. एका घरानेही घासभर अन्न वाढले नाही. मार पुन्हा आला आणि म्हणाला, भिक्षा मिळाली का? मिळाली नसेल तर पुन्हा गावात जा, मी मिळेल असे करतो. बुद्धांनी त्याचे ऐकले नाही. आपले काही नसतानाही आपण आनंदावर जगू, असे उत्तर देऊन त्यास परत लाविले.

किराणा बंद, पीठाची गिरणी बंद, मजुरी बंद, विहीर बंद, हे ज्यांनी अनुभवले त्या कुटुंबांना पंचशाला गावची ओळख नव्याने करून द्यावयास नको. पण ह्या सुत्तातून काय घ्यावयाचे? बुद्ध एकटे होते, त्यांच्या पात्रात कोणाच्या लेकराचा घास नव्हता. उपाशी मुलांच्या बापाला ‘आनंदावर जग’ असे कोणी ह्या सुत्ताच्या आधारे सांगू लागला तर त्याला खुशाल थांबवावे. घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. बहिष्कार घालणाराच नंतर येऊन ‘पुन्हा ये, आता देतो’ असे म्हणतो, तेव्हा त्या देण्याची किंमत काय मागितली जाणार हे बुद्धांनी ओळखले. दीक्षेनंतर बहिष्कार, आणि मग ‘जत्रेची वर्गणी द्या, म्हणजे सर्व पूर्ववत’ असा निरोप, हा क्रम पंचशालेतलाच आहे.

आता शब्दांकडे पुन्हा वळू. पाली भाषेत विरोधकासाठी मार हा एकच शब्द नाही. वेरी आहे, सत्तु आहे, अमित्त आहे. आणि ‘पच्चत्थिक’ हा एक फार उपयुक्त शब्द आहे. संस्कृतात तो प्रत्यर्थी. न्यायालयात अर्थी म्हणजे दावा मांडणारा आणि प्रत्यर्थी म्हणजे त्याच्यासमोर उभा राहणारा. विनयपिटकात संघातील तंटे मिटविण्याचे जे नियम आहेत, त्यांत दोन्ही पक्ष समोरासमोर असल्याशिवाय निर्णय देऊ नये असा दंडक आहे. म्हणजे ज्या बुद्धांनी मार मनात ओळखावयास शिकविला, त्याच बुद्धांच्या शासनात बाहेरच्या विरोधकासाठी निराळा शब्द होता आणि निराळी रीत होती. मार ओळखावयाचा असतो. प्रत्यर्थ्याला पुराव्यानिशी, साक्षीदारांनिशी, पंचांसमोर उभे करावयाचे असते. आपण हे दोन शब्द एकमेकांत मिसळून टाकतो, आणि मग कधी शेजाऱ्याला राक्षस करतो, तर कधी अत्याचार करणाऱ्याला मनाचा खेळ म्हणून सोडून देतो.

बाबासाहेबांनी हे दोन शब्द कधीही मिसळले नाहीत. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर जमावाने हल्ला केला, लोक रक्तबंबाळ झाले, तरीही त्यांनी आपल्या माणसांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. पुढे डिसेंबरात सनातनी मंडळींनी दिवाणी दावा लावला. त्या दाव्यात बाबासाहेब प्रतिवादी होते. कागद, साक्षी, तारखा, अपिले असे करीत तो १९३७ पर्यंत चालला आणि मुंबई उच्च न्यायालयात निकाल तळे सर्वांना खुले असल्याचाच लागला. दहा वर्षे! त्या दहा वर्षांत त्यांनी विरोधकांना नेमके नाव दिले, ते कागदपत्रांतले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडासच मनुस्मृती जाळण्यात आली, आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. जो माणूस शत्रू आणि जन्म ह्यांत गोंधळ करतो, त्याला हा प्रसंग समजणार नाही.

१९३६ साली ‘जातिभेदाचे निर्मूलन’ ह्या निबंधात त्यांनी लिहिले, त्याचा आशय असा की जात पाळणारी माणसे हा आपला शत्रू नसून त्यांस जात पाळावयास शिकविणारी शास्त्रे हा शत्रू आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडास अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, आणि लगेच खुलासा केला की ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे. स्वातंत्र्य, समता व बंधुत्व ह्यांचा अभाव म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सर्व वर्गांत पसरलेली आहे. ‘सर्व वर्गांत’ ह्या शब्दांत आपणही आलो, हे सांगणे न लगे.

तेव्हा जेथे प्रत्यर्थी आहे तेथे कायद्याचा शब्द वापरा. फिर्यादीत आरोपीच्या जागी ‘मार’ असे लिहिता येत नाही. तेथे नाव, गाव, दिवस, वेळ आणि साक्षीदार लागतात. अनुसूचित जातींचा मूळ आदेश १९५० चा. त्यात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, हे पुष्कळ नवदीक्षितांस ठाऊक नसते, आणि दीक्षा घेतल्याने संरक्षण गेले अशी भीती त्यांना कोणी तरी घालतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीच्या व्यक्तीवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे व तशी धमकी देणे हा गुन्हा ठरला. आणि आपलीच जुनी जातपंचायत दीक्षेबद्दल वाळीत टाकीत असेल, तर महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला कायदा आहे. दुकानदाराने माल नाकारला तर मनात त्याच्याविषयी द्वेष साठवीत बसण्यापेक्षा त्याच दिवशी तारीख व वेळ वहीत लिहून ठेवणे अधिक उपयोगाचे, आणि, विनयपिटकाचे म्हणणे मानावयाचे तर, अधिक धम्माचेही आहे.

निदानकथेत माराने बोधिसत्त्वांना विचारले आहे की हे आसन तुझे कशावरून; माझ्या बाजूने माझे सारे सैन्य साक्ष देते, तुझा साक्षीदार कोण? तेव्हा त्यांनी हात खाली नेऊन भूमीला साक्षीस बोलाविले. सातबारा नसलेल्या माणसाला ‘पुरावा काय’ असे दटावून विचारणारे कचेरीतले लोक आपल्या परिचयाचे आहेत. बोधिसत्त्वांनी त्या प्रश्नावर आसन सोडले नाही, आणि शिवीही दिली नाही. बुद्धमूर्तीचा उजवा हात जमिनीला टेकलेला असतो त्याचा अर्थ मुलांना सांगताना हे सांगावे.

दीक्षा न घेतलेल्या भावाविषयी, मामाविषयी, आत्याविषयी आता थोडे. मज्झिमनिकायात महामोग्गल्लान एकदा माराला सांगतात की पूर्वी ककुसंध बुद्धाच्या काळी मीच दूसी नावाचा मार होतो. काली नावाची माझी बहीण होती आणि तू तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा होतास. पूर्वजन्मीच्या कथा आपण अक्षरशः मानीत नाही. तरी कथा रचणाऱ्याचे धैर्य पाहा. बुद्धाच्या दोन अग्रश्रावकांपैकी एक स्वतः मार होता, आणि सध्याचा मार त्याचा भाचा! मार ही जात नाही, जन्म नाही, कायमची पदवी नाही, हे ह्याहून स्पष्ट कसे सांगावयाचे? मग जो मामा आज मरीआईच्या जत्रेला जातो त्याला मार म्हणून त्याच्याशी बोलणे टाकणाऱ्या भाच्याने ही कथा दोनदा वाचावी. त्याच कथेत आणखी एक गोष्ट आहे. दूसी माराने प्रथम लोकांकडून भिक्खूंना शिव्या देवविल्या. त्याने काही साधेना, तेव्हा त्याने लोकांकडून त्यांचा सत्कार करविला, हार-फुले घालविली, की सत्काराने तरी ह्यांची मने बिघडतील. शिव्यांनी न मोडलेली किती माणसे एका शालीने आणि नारळाने मोडली, ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांची नावे घेण्याचे हे स्थळ नव्हे.

माराच्या सेनांतील आठवी सेना आणि आत्मस्तुती-परनिंदेची सेना ह्यांचा मुक्काम सध्या आपल्या वस्त्यांतच आहे. एका गावात दोन विहार, एका विहारात तीन मंडळे, आणि जयंतीच्या दिवशी दोन मिरवणुका, ही कोणा परक्याची करणी नाही. आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मुलीचे स्थळ पाहताना अजूनही ‘पूर्वीचे तुम्ही कोण?’ असे हळूच विचारले जाते, पूर्वीची पोटजात जुळते का हे पाहिले जाते, आणि ती जुळली नाही तर मुलाच्या नोकरीत किंवा पत्रिकेत नसलेल्या पत्रिकेत दोष काढला जातो. तुमच्या घरी अशी मंडळी आली आणि त्यांनी हा प्रश्न विचारला, तर त्यांना दारातून परत लावू नका. हा प्रश्न कोणत्या सेनेतला आहे हे त्यांना शांतपणे समजावून सांगा, मुलीला काय विचारावयाचे असेल ते तिचे तिला विचारू द्या, आणि मग चहा द्या.